कळ दाबली, पण झालं काय?

घाईत टाइप करताना हा अनुभव बहुतेकांना आलेला असतो. ओळीच्या मध्ये एखादा शब्द घालायला जावं, तर प्रत्येक नव्या अक्षराबरोबर पुढचं एक अक्षर गिळलं जातं. कधी शेजारचे दोन शब्द आपोआप जागा बदलतात, तर कधी एखाद्या इंग्रजी शब्दाची सगळी अक्षरं कॅपिटल होऊन बसतात. आपण तसं काही सांगितलेलं नसतं. बोट चुकून कुठेतरी टेकलेलं असतं. 'अनडू' केलं की मजकूर पूर्ववत होतो. पण ती कळ कुठली होती आणि तिनं नेमकं काय केलं, हा प्रश्न तसाच राहतो.

शोधायला बसलं तर पंचाईत वेगळीच. मदतपुस्तिकेत कामांची माहिती असते, पण ती कामाच्या नावाखाली लावलेली असते, आणि आपल्याला नावच ठाऊक नसतं. वर्षानुवर्षं एडिटर वापरणाऱ्यांचंही असंच होतं. कळा बोटांत इतक्या मुरलेल्या असतात की हात आपसूक चालतात. पण नव्या सहकाऱ्यानं 'आत्ता तुम्ही काय केलंत?' असं विचारलं, तर उत्तरादाखल पुन्हा तीच कळ दाबून दाखवावी लागते.

टेक्स्ट एडिटर म्हणजे मजकूर, प्रोग्रॅम, नोंदी लिहिण्याचं साधन. अशा बहुतेक चांगल्या साधनांत कळीवरून कामाचं नाव शोधायची सोय आतच दिलेली असते. ती कशी चालते हे एकदा समजलं, की शॉर्टकटांची लांबलचक यादी पाठ करण्याची गरज बरीच कमी होते. समजावून घ्यायला 'इमॅक्स' हा जुना एडिटर सगळ्यांत सोयीचा, कारण त्याची सगळी रचनाच या कल्पनेवर उभी आहे. नंतर व्हीएस कोड, व्हिम आणि वर्ड यांच्याकडेही येऊ.

कळ आणि काम यांच्यामधलं नाव

गावात एखाद्याला सगळे 'अण्णा' म्हणतात. हाक मारायला तेवढं पुरतं. पण मतदारयादीत त्यांना शोधायचं तर कागदावरचं नाव लागतं. यादीत 'अण्णा' कुठेच सापडत नाही. शिवाय दुसऱ्या घरासमोर उभं राहून तीच हाक मारली, तर ओ देणारे अण्णा वेगळेच असतात. कळ म्हणजे ही हाक, आणि कमांडचं नाव म्हणजे कागदावरचं नाव.

इमॅक्समध्ये प्रत्येक काम म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा, स्वतंत्र तुकडा असतो. त्याला कमांड म्हणतात आणि प्रत्येक कमांडला नाव असतं. शेजारच्या दोन शब्दांची अदलाबदल करणारी ती 'ट्रान्सपोझ-वर्ड्स'. पुढचा शब्द कॅपिटल करणारी 'अपकेस-वर्ड'. कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर उचलणारी 'किल-लाइन', फाइल जतन करणारी 'सेव्ह-बफर', आणि सुरुवातीला म्हटलेली, पुढची अक्षरं गिळणारी 'ओव्हरराइट-मोड'. या कामांना कळा नंतर जोडल्या जातात. ट्रान्सपोझ-वर्ड्सला ऑल्ट-टी, अपकेस-वर्डला ऑल्ट-यू, किल-लाइनला कंट्रोल-के, ओव्हरराइट-मोडला इन्सर्ट. इमॅक्सच्या पुस्तकांत ऑल्टला 'मेटा' म्हणतात. ही जुन्या कळफलकांवरच्या कळीची आठवण आहे.

साधं 'ए' अक्षर टाइप केलं तरी तीसुद्धा एक कमांडच असते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. त्या कमांडचं नाव 'सेल्फ-इन्सर्ट-कमांड'. अक्षरं, अंक, विरामचिन्हं या सगळ्या कळा तिलाच जोडलेल्या असतात. ती चालू झाली की 'मला कुठल्या कळीनं बोलावलं?' एवढंच बघते आणि ते अक्षर मजकुरात ठेवते. म्हणजे टाइप करणं आणि हुकूम सोडणं अशा दोन वेगळ्या गोष्टी इथे नाहीतच. एडिटरपर्यंत पोचणारी प्रत्येक कळ आधी तक्त्यात शोधली जाते आणि मगच काही घडतं. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली, की पुढचं सगळं सोपं आहे.

तक्ता, आणि तक्त्याच्या आतला तक्ता

कळ दाबल्यावर काय होतं ते क्रमानं पाहू. कळफलक संगणकाला सांगतो की अमुक जागची कळ दाबली गेली. विंडोज, लिनक्स किंवा मॅकची प्रणाली त्यावरून अक्षर ठरवते आणि ते एडिटरच्या हाती देते. एडिटरजवळ एक तक्ता असतो: डाव्या बाजूला कळा, उजव्या बाजूला कमांडची नावं. इमॅक्सच्या भाषेत हा 'कीमॅप'. तक्त्यात त्या कळीसमोर जे नाव असेल, ती कमांड चालते.

पण उजव्या बाजूला दर वेळी नावच असतं असं नाही. कंट्रोल-एक्स या कळीसमोर कमांड नसून आणखी एक अख्खा तक्ता असतो. म्हणून कंट्रोल-एक्स दाबल्यावर काहीच घडत नाही. एडिटर पुढच्या कळीची वाट पाहत थांबतो. पुढे कंट्रोल-एस आली की दुसऱ्या तक्त्यात 'सेव्ह-बफर' सापडते आणि फाइल जतन होते. कंट्रोल-एफ आली तर 'फाइंड-फाइल', म्हणजे फाइल उघडणं. कंट्रोल सुटून नुसतं एफ दाबलं गेलं तर मात्र 'सेट-फिल-कॉलम', म्हणजे ओळ कुठे मोडायची ती रुंदी ठरवणारी कमांड. नवशिक्यांना ही चूक हमखास भोवते. फाइल उघडायला जावं आणि समोर कुठल्याशा रुंदीचा आकडा यावा, याचं कोडं सुटत नाही. कारण एवढंच, की दुसऱ्या तक्त्यात दोन वेगळ्या कळा शेजारी बसल्या आहेत.

पहिली कळ आठवते, दुसरी आठवत नाही, अशा वेळी इमॅक्समध्ये एक सुरेख सोय आहे. कंट्रोल-एक्स दाबून थांबावं आणि कंट्रोल-एच दाबावं. त्या आतल्या तक्त्यातल्या सगळ्या कळा आणि त्यांच्यापुढची नावं वेगळ्या खिडकीत उलगडतात. 2025 साली आलेल्या इमॅक्सच्या तिसाव्या आवृत्तीत 'व्हिच-की' नावाची जोड सोबतच मिळते. ती चालू केली की नुसतं क्षणभर थांबल्यावरही पुढच्या शक्य कळांची यादी खाली दिसू लागते.

तीच कळ, वेगळं काम

आता अण्णांच्या दुसऱ्या घराकडे वळू. इमॅक्समध्ये एकाच वेळी अनेक तक्ते लागू असतात. सगळीकडे चालणारा एक 'ग्लोबल' तक्ता असतो. त्याच्यावर, उघडलेली फाइल ज्या प्रकारची असेल त्या प्रकाराचा तक्ता असतो. या प्रकाराला 'मेजर मोड' म्हणतात. पायथॉनच्या प्रोग्रॅमसाठी एक, साध्या मजकुरासाठी दुसरा, टिपणं आणि कामांच्या याद्या ठेवायच्या 'ऑर्ग'साठी तिसरा. त्याहीवर आपण चालू केलेल्या छोट्या जोडसोयींचे तक्ते असतात; त्यांना 'मायनर मोड' म्हणतात. शोध वरून सुरू होतो: आधी मायनर मोड, मग मेजर मोड, शेवटी ग्लोबल. पहिल्यांदा जिथे कळ सापडेल तिथे शोध थांबतो.

म्हणून टॅब ही कळ एका फाइलमध्ये ओळ आत सरकवते, आणि ऑर्गच्या फाइलमध्ये मथळ्यावर उभं राहून तीच दाबली तर त्याखालचा मजकूर मिटतो किंवा उघडतो. पहिल्या ठिकाणी 'इंडेंट-फॉर-टॅब-कमांड' चालते, दुसऱ्या ठिकाणी 'ऑर्ग-सायकल'. 'टॅब काय करते?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. 'या क्षणी, या फाइलमध्ये, कर्सर इथे असताना टॅब काय करते?' असं विचारलं तरच उत्तर मिळतं.

छापील शॉर्टकट-तक्ते अपुरे पडतात ते इथेच. तक्ता छापणाऱ्याला तुमच्या फाइलचा प्रकार माहीत नसतो, तुम्ही कुठल्या जोडसोयी बसवल्या आहेत हे माहीत नसतं, आणि कुठल्या कळा तुम्ही स्वतः बदलल्या आहेत हे तर मुळीच माहीत नसतं. हे सगळं जाणणारा एकच जण असतो, तो म्हणजे समोर चालू असलेला एडिटर.

मग त्यालाच विचारा

इमॅक्समध्ये कंट्रोल-एच ही मदतीची कळ आहे. ती दाबून पुढे 'के' दाबायचं. खाली प्रश्न येतो: कुठल्या कळीचं वर्णन हवं? आता ज्या कळीबद्दल शंका आहे ती दाबायची. समजा ऑल्ट-टी दाबली. शब्द जागचे हलत नाहीत. त्याऐवजी एक खिडकी उघडते आणि तीत पुढची माहिती येते: ऑल्ट-टी ही कळ 'ट्रान्सपोझ-वर्ड्स' ही कमांड चालवते, ती 'ग्लोबल' तक्त्यात सापडली, तिचा प्रोग्रॅम 'सिंपल' नावाच्या फाइलमध्ये आहे, आणि कर्सरच्या आजूबाजूचे शब्द अदलाबदल करून ती कर्सर त्यांच्या शेवटी ठेवते.

या चार ओळींत बरंच काही आहे. नाव मिळालं. ते कुठल्या तक्त्यातून आलं हे समजलं. म्हणजे एखाद्या जोडसोयीनं आपली नेहमीची कळ बळकावली असेल तर तीही इथे पकडली जाते. काम काय ते वाचायला मिळालं. आणि फाइलच्या नावावर टिचकी मारली की त्या कमांडचा मूळ प्रोग्रॅम समोर उघडतो. फक्त त्या मूळ फाइली संगणकावर असायला हव्यात. ज्याला शिकायचं आहे त्याच्यासाठी कळीपासून थेट प्रोग्रॅमपर्यंतची ही वाट फार मोलाची आहे.

आतून हे घडतं कसं? मघाशी पाहिलेली साखळी आठवा: कळ येते, वरच्या तक्त्यापासून शोध सुरू होतो, आतला तक्ता असेल तर पुढच्या कळीची वाट पाहिली जाते, शेवटी नाव सापडतं, आणि कमांड चालते. 'डिस्क्राइब-की' ही कमांड, म्हणजे आपण कंट्रोल-एच के दाबून जी चालवली ती, हीच साखळी जशीच्या तशी पार पाडते. फक्त शेवटची पायरी गाळते. सापडलेलं नाव चालवण्याऐवजी ती ते वाचून दाखवते. त्यामुळे तिचं उत्तर जुनं झालं असेल अशी भीती नसते. खरोखर कळ दाबल्यावर जे तक्ते चाळले गेले असते, तेच आत्ता चाळलेले असतात.

यातून एक व्यावहारिक सूचना निघते. जिथे गोंधळ झाला त्याच फाइलमध्ये, शक्यतो त्याच ओळीवर कर्सर ठेवून विचारावं. दुसऱ्या फाइलमध्ये जाऊन विचारलं तर तिथले तक्ते वेगळे असल्यामुळे उत्तरही वेगळं येईल.

मोठी खिडकी नको असेल तर 'के'ऐवजी 'सी' दाबावं. खालच्या ओळीत फक्त नाव येतं. उलट दिशेनं जायचं असेल, म्हणजे नाव माहीत आहे आणि कळ हवी आहे, तर कंट्रोल-एच डब्ल्यू. नावातला एखादाच शब्द आठवत असेल तर कंट्रोल-एच ए. 'वर्ड' लिहिलं की ज्यांच्या नावात 'वर्ड' आहे अशा कमांड रांगेनं समोर येतात. आणि या क्षणी लागू असलेले सगळे तक्ते एकदम बघायचे असतील तर कंट्रोल-एच बी.

पण कळ कुठली दाबली तेच आठवत नाही

लेखाच्या सुरुवातीचं खरं कोडं हे आहे. बोट चुकून टेकलं; कुठे टेकलं ते माहीत नाही. आता विचारणार कशाबद्दल?

यासाठी कंट्रोल-एच एल. इमॅक्स शेवटच्या 300 कळांची आठवण ठेवतो. ही कमांड ती यादी समोर मांडते, आणि कुठल्या कळीनं कुठली कमांड चालली तेही पुढे लिहिते. सगळ्यात खाली ताज्या कळा असतात. 'सेल्फ-इन्सर्ट-कमांड'च्या लांब रांगेत मध्येच एखादी 'अपकेस-वर्ड' किंवा 'ओव्हरराइट-मोड' बसलेली दिसली, की गुन्हेगार सापडला. यात एकच पथ्य: गडबड झाल्याबरोबर लगेच बघावं. पुढे टाइप करत राहिलं तर 300 कळा बघता बघता भरतात आणि हवी ती ओळ वरून निघून जाते.

काही कमांड इतक्या घात करणाऱ्या वाटल्या, की इमॅक्सनं त्या आधीच अडवून ठेवल्या आहेत. निवडलेला सगळा मजकूर कॅपिटल करणारी 'अपकेस-रीजन' ही त्यांपैकी एक. तिची कळ चुकून दाबली गेली तर ती थेट चालत नाही. आधी तिचं नाव आणि वर्णन दाखवलं जातं, आणि 'खरंच वापरायची आहे का?' असं विचारलं जातं. अजाणत्या बोटाला इतक्या समजूतदारपणे वागवणारा दुसरा एडिटर माझ्या पाहण्यात नाही.

ही सोय आली कुठून

1976 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत इमॅक्सचा जन्म झाला. तिथे 'टेको' नावाचा एडिटर वापरात होता. त्यात छोट्या छोट्या आज्ञा जोडून नवी आज्ञा बनवता येई आणि ती एखाद्या कळीला बांधता येई. सोय इतकी आवडली की प्रत्येकानं आपापला संच बनवला. परिणाम असा झाला, की एकाच्या संगणकावर दुसरा बसला तर त्याला काहीच उमगेना. गाय स्टील यांनी हे संच एकत्र आणायचं मनावर घेतलं, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम पुढे नेऊन त्यातून इमॅक्स उभा केला. आज वापरात असलेला ग्नू इमॅक्स स्टॉलमन यांनी 1984 मध्ये लिहायला घेतला. तो 1985 मध्ये लोकांच्या हाती आला.

स्टॉलमन यांनी 1981 साली इमॅक्सबद्दल जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच तीन विशेषणं आहेत: वाढवता येणारा, आपल्यासारखा करून घेता येणारा, आणि स्वतःची माहिती स्वतः देणारा. माझ्या मते तिसरं विशेषण पहिल्या दोनांमधून अपरिहार्यपणे येतं. कळांचे अर्थ कोणालाही केव्हाही बदलता येत असतील, तर बाहेर छापलेली पुस्तिका खरी राहूच शकत नाही. बदलणाऱ्या गोष्टीची माहिती तिच्याजवळच असावी लागते. म्हणून कमांड लिहितानाच तिचं वर्णन तिच्याच आत लिहायचं, अशी पद्धत पडली. कंट्रोल-एच के जे वर्णन दाखवतं, ते तिथलंच.

उत्तरच येत नाही तेव्हा

कधी कधी 'डिस्क्राइब-की'ला कळ विचारावी आणि काहीच हालचाल होऊ नये, किंवा भलत्याच कळीबद्दल उत्तर यावं. दोन्ही गोष्टी काहीतरी सांगत असतात.

काहीच हालचाल नसेल तर कळ एडिटरपर्यंत पोचलेलीच नाही. वाटेतच कुणीतरी ती घेतली. कंट्रोल-स्पेस हे याचं नेहमीचं उदाहरण. इमॅक्समध्ये तिचं काम निवडीची सुरुवात खुणावणं, नाव 'सेट-मार्क-कमांड'. पण मॅकवर हीच कळ टाइप करायची भाषा बदलण्यासाठी राखलेली असते. मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही कळफलक ज्यानं चालू ठेवले आहेत, त्याची कंट्रोल-स्पेस प्रणालीच उचलते आणि इमॅक्सला पत्ता लागत नाही.

भलतंच उत्तर येण्यामागे जुनी गोष्ट आहे. कंट्रोल-आयबद्दल विचारलं तर उत्तर टॅबबद्दल येतं. कारण 1963 सालच्या आस्की या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीशी जोडलेलं आहे. टर्मिनलवर कंट्रोल धरून अक्षर दाबलं, की त्या कॅपिटल अक्षराच्या क्रमांकातून 64 वजा होऊन उरलेला क्रमांक पाठवला जाई. आयचा क्रमांक 73. वजा 64, उरले 9. आणि 9 हा टॅबचा क्रमांक. एमचा 77, उरले 13, म्हणजे रिटर्न. एचचा 72, उरले 8, म्हणजे बॅकस्पेस. दोन वेगळ्या कळा, पण तारेतून जाणारा आकडा एकच. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या इमॅक्सवर काहींना बॅकस्पेस दाबल्यावर अक्षर पुसण्याऐवजी मदत उघडलेली दिसते, त्याचं मूळ या वजाबाकीत आहे.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी याच जातीची आणखी एक अडचण आहे. लिनक्सवर प्रणालीचा कळफलक मराठी इन्स्क्रिप्टवर ठेवून इमॅक्समध्ये कंट्रोल-एच दाबलं, तर इन्स्क्रिप्टमध्ये एचच्या जागी 'प' असल्यामुळे एडिटरला 'कंट्रोल-प' मिळतं. तक्त्यात ते नाही. म्हणून 'या कळीला काही जोडलेलं नाही' एवढंच उत्तर येतं, आणि मदतीची कळच बंद पडल्यासारखी होते. यावर चांगला उपाय म्हणजे प्रणालीचा कळफलक इंग्रजीच ठेवायचा आणि इमॅक्सची स्वतःची 'देवनागरी-इन्स्क्रिप्ट' ही टंकनपद्धत चालू करायची. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ ही तिची कळ. कमांडचं नाव 'टॉगल-इनपुट-मेथड'. मग साधी अक्षरं देवनागरीत उमटतात आणि कंट्रोलसह दाबलेल्या कळा जशाच्या तशा तक्त्यापर्यंत जातात.

इतर एडिटरांत

2015 मध्ये मायक्रोसॉफ्टनं आणलेल्या व्हीएस कोडमध्ये हीच विचारपद्धत आहे. कंट्रोल-के आणि मग कंट्रोल-एस दाबलं की शॉर्टकटांचं पान उघडतं. वर शोधाच्या चौकटीत कळफलकाचं छोटं चित्र आहे. त्यावर टिचकी मारून हवी ती कळ दाबली की यादी गाळून फक्त त्या कळीच्या नोंदी उरतात. प्रत्येक नोंदीत कमांड, कळ, ती केव्हा लागू होते याची अट, आणि ती मूळची आहे, तुम्ही घातलेली की एखाद्या एक्स्टेन्शननं आणलेली, हे दिसतं. अटीचा रकाना आवर्जून वाचावा, कारण इमॅक्सच्या थरांचं काम इथे ती अट करते. एका कळीच्या अनेक नोंदी असल्या तर यादी शेवटून वर वाचली जाते, आणि अट पुरी करणारी पहिली नोंद चालते. तरीही उलगडा झाला नाही, तर कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून कमांडच्या यादीतून शॉर्टकट-तपासणीची सोय चालू करता येते. मग दाबलेली प्रत्येक कळ आणि तिच्याशी जुळलेली कमांड खालच्या नोंदवहीत लिहिली जाते. सब्लाइम टेक्स्टच्या कन्सोलमध्येही कमांडची नोंद चालू करता येते.

व्हिमचा विचार वेगळा आहे. ब्रॅम मोलेनार यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या एडिटरमध्ये नेहमीच्या कळांमागे वेगळं नाव दडलेलं नसतं; कळ हेच नाव. डी म्हणजे काढणं, डब्ल्यू म्हणजे शब्द, आणि दोन्ही ओळीनं दाबले की शब्द काढला जातो. त्यामुळे 'हेल्प' लिहून पुढे सरळ कळच लिहायची, की तिचं पान उघडतं. नंतर कुणी कळीचा अर्थ बदलला असेल तर 'व्हर्बोज मॅप' आणि ती कळ असं विचारावं. कुठल्या फाइलनं तो बदल केला तेही सांगितलं जातं. शिकायला व्हिमची पद्धत आटोपशीर आहे. पण नावामुळे मिळणारी शोधाची सोय तिथे तेवढी नाही, असं मला वाटतं.

वर्डमध्ये पर्यायांतल्या 'कस्टमाइझ रिबन' पानाच्या तळाशी शॉर्टकटांचं बटण आहे. नव्या शॉर्टकटाच्या चौकटीत हवी ती कळ दाबा. ती सध्या कुठल्या कमांडला जोडलेली आहे, ते लगेच खाली दिसतं. वाचून झालं की काही न जोडता खिडकी बंद करायची. लिबरऑफिसमध्ये 'टूल्स'मधल्या 'कस्टमाइझ'च्या कळफलक पानावर कळा आणि त्यांच्यासमोरची कामं यांची अख्खी यादी मिळते.

चौकट: कळीवरून नावाकडे

इमॅक्स: कंट्रोल-एच के, मग शंका असलेली कळ. कळ आठवत नसेल तर कंट्रोल-एच एल. नावावरून कळ हवी तर कंट्रोल-एच डब्ल्यू.
व्हीएस कोड: कंट्रोल-के कंट्रोल-एस, कळफलकाच्या चित्रावर टिचकी, मग कळ.
व्हिम: 'हेल्प' आणि कळ, बदललेल्या कळीसाठी 'व्हर्बोज मॅप' आणि कळ.
वर्ड: पर्याय, कस्टमाइझ रिबन, शॉर्टकटांचं बटण, नव्या शॉर्टकटाच्या चौकटीत कळ.
लिबरऑफिस: टूल्स, कस्टमाइझ, कळफलक.

नाव मिळाल्यावर

नाव हाती आलं की कळीची गरजही उरत नाही. इमॅक्समध्ये ऑल्ट-एक्स दाबून नाव लिहिलं की कमांड चालते, आणि तिला एखादी कळ जोडलेली असेल तर ती कळही इमॅक्स त्याच वेळी खाली सांगतो. इमॅक्समधल्या बहुसंख्य कमांडना कळ जोडलेलीच नसते. त्या नावानंच चालवायच्या असतात. कळ गैरसोयीची वाटली तर दुसरी जोडायलाही नावच लागतं. आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर गेलं तरी नाव तेच राहतं. व्हीएस कोडमध्ये ओळीला टिप्पणीची खूण लावायची कळ विंडोजवर कंट्रोलनं सुरू होते आणि मॅकवर कमांड कळीनं, पण दोन्हीकडे चालते ती 'कमेंटलाइन'च. कळ सांगून मदत मागितली तर समोरच्याचा संगणक वेगळा निघतो. नाव सांगून मागितली तर तसं होत नाही.

संगणकाच्या वर्गांत आणि कार्यालयांत शॉर्टकटांचे तक्ते भिंतीवर लावलेले असतात. एका रकान्यात कळ, दुसऱ्यात काम. असा तक्ता तुम्ही बनवत असाल, शिकवत असाल किंवा नव्या सहकाऱ्याला देत असाल, तर त्यात तिसरा रकाना जरूर घाला: कमांडचं नाव. आणि सगळ्यांत वरच्या ओळीत, बाकी कुठल्याही कळीच्या आधी, नाव कसं विचारायचं ती कळ लिहा.